गार उतारी

म्हाळूला ब्रिज शिकवला गेला तो चौथा भिडू मिळेना म्हणून.

बहात्तरच्या दुष्काळात तो पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यातून खाली उतरला, खडी फोडली, आणि त्याच साली ज्या सहकारी साखर कारखान्याचा पाया खणला जात होता तिथं दगड वाहायला लागला. कारखाना उभा राहिला, बाकीचे मजूर पांगले, म्हाळू राहिला. कारखान्याच्या विश्रामगृहात चहा करायला माणूस हवा होता आणि हा समोर दिसला, एवढंच. रोजंदारीवर लागला. चहा, पाहुण्यांच्या अंघोळीचं पाणी, चादरी, रस्सा-भाकरी, सगळं त्याच्या अंगावर. वय वीस-बाविशीचं. बोलणं कमी.

पहिले जनरल मॅनेजर अर्जुनराव. जन्म गेवराईकडचा, पण उमेदीची वर्षं हैदराबादला गेलेली, तिथल्या क्लबात ते ब्रिजमध्ये मुरलेले. या माळावर आल्यावर त्यांना डॉक्टर मिळाला, इंजिनिअर मिळाला, चौथा काही मिळेना. एका रविवारी दुपारी कंटाळून त्यांनी म्हाळूला हाक मारली.

"ट्रे ठेव तिकडं. बस इथं. ही तेरा पानं धर."

म्हाळू खुर्चीच्या कडेवर बसला. पुढची चौदा वर्षं तो तसाच कडेवर बसत आला, पाठ कधी टेकली नाही.

खेळ त्याला महिन्याभरात समजला. समोरासमोरचे दोघं एका बाजूचे. बोली लागते, ज्याची बोली चढते तो सांगतो की तेरापैकी इतके हात मी करीन. त्याच्या भिडूची पानं टेबलावर उघडी मांडतात. उरलेल्या दोघांनी त्याला अडवायचं. चौथी शिकलेल्या म्हाळूला बोलीचे इंग्रजी शब्द तोंडात नीट बसले नाहीत, पण एकदा टेबलावर पडलेलं पान तो विसरत नसे. कुणाकडं काय उरलंय हे तो चहाच्या कपांसारखं मोजून ठेवी. अर्जुनराव चकित झाले आणि मग मनापासून शिकवायला लागले.

"अडवायला बसला असशील," ते म्हणत, "तर गार पान खेळायचं. ज्या पानानं आपलं जळत न्हाई ते गार पान. राजाखालून उतारी करायची न्हाई, म्हंजे हातात राजा ठेवून त्याच रंगाचं बारकं पान आपण पहिलं टाकायचं न्हाई, एक्का उगीच मोकळा करायचा न्हाई. बोलीवाल्याला त्याचा हात त्याच्या अकलेनं काढू दे. आपण फुकट द्यायचं न्हाई."

आणि बोट वर करून पुढचंही सांगत, "पण उघड्या पानांत एखाद्या रंगाची लांबलचक ओळ दिसली, तर गार बसायचं न्हाई. तो त्या ओळीवर आपली सगळी पडकी पानं फेकून मोकळा व्हतो. तवा आपलं जे हाय ते लगेच काढून घ्यायचं, धोका पत्करून. आज न्हाई घेतलं तर कधीच न्हाई."

म्हाळूनं दोन्ही ऐकलं. मनात मात्र पहिलंच उतरलं, आणि ते का उतरलं याला एक दुपार कारण झाली. सहाएक महिन्यांनी इंजिनिअरसाहेब त्याचे भिडू होते आणि म्हाळूनं हिशेब करून चौकटच्या राजाखालची तिरी खेळली. हिशेब चुकला. बोलीवाल्याकडं एक्का-राणी दोन्ही निघाली, डाव गेला. इंजिनिअरनं पानं टेबलावर आपटली. "चहावाल्याला बसवलं की असंच होणार." अर्जुनराव काहीतरी समजुतीचं बोलले, पण म्हाळू तोवर उठून ट्रे उचलायला गेला होता. आत जाऊन त्यानं कप धुतले, धुतलेले पुन्हा धुतले. त्या दिवसापासून तो राजाखालून कधी खेळला नाही. डाव हरला तरी चालेल, पण तो आपल्या पानामुळं हरला असं कुणाला म्हणता येऊ नये, एवढंच त्यानं ठरवून टाकलं.

गंमत अशी की यानं त्याचं नाव झालं. गार खेळणारा माणूस बहुतेक वेळा बरोबरच असतो. उतावळे साहेब आपल्या हातानं डाव घालवत, म्हाळू घालवत नसे. अर्जुनराव निवृत्त होऊन गेले, इंजिनिअर बदलले, डॉक्टर बदलले, पण "म्हाळूला बोलवा" ही हाक राहिली. साहेब लोकांत बसून खेळतो म्हणून गेटवरचा वॉचमन त्याला रामराम घालू लागला. पगार मात्र रोजंदारीचाच. त्याच्या मागून लागलेले, नात्यागोत्यातले, तीनचार वर्षांत पर्मनंट झाले. म्हाळूनं कधी अर्ज केला नाही.

"इचारायचं कशाला?" तो बायकोला सांगे. "इचारलं आन् न्हाई म्हणले, तर आहे तेबी जाईल. त्यांच्या मनात आलं की करतील."

बायको छबुबाई. तिचे आईबाप दर दसऱ्याला कोयता घेऊन ऊसतोडीला जात; ती स्वतः उसाच्या पाचटात जन्मली होती. लग्न ठरताना तिच्या बापानं एकच गोष्ट विचारली होती, पोरीला तोडीला जावं लागंल का? म्हाळूनं सांगितलं होतं, कारखान्यात हाय मी, तिच्या हाती कोयता येणार न्हाई. ती गावी दीड एकर जिरायत सांभाळून राहिली, एक पोरगी वाढवली, बाराव्या-तेराव्या वर्षीच उमापूरकडं दिली. गावातल्या बाकीच्या बाया दसऱ्यानंतर गाड्यांतून निघून जात, गाव ओस पडे, आणि छबुबाई म्हाताऱ्या-कोताऱ्यांना पाणी पाजत मागे राही. तिला त्याचा अभिमान होता. ती तसं बोलून दाखवत नसे.

शहाऐंशीच्या पावसानं दगा दिला. कारखान्याच्या परिसरातला ऊस वीतभर राहिला, हंगाम चाळीस दिवसांत आटोपला. चिमणी थंड पडली. मळीच्या वासाऐवजी धुळीचा वास येऊ लागला. साहेब लोकांना काम उरलं नाही, म्हणून विश्रामगृहाच्या व्हरांड्यात दुपारी दोनलाच टेबल मांडलं जाई. डोंगरातल्या गावांत बाया विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरत होत्या, आणि इथं विश्रामगृहाच्या मेंदीला आणि हिरवळीला कारखान्याचा टँकर येई. नळी म्हाळूच धरी. मेंदीला पाणी घालून हात पुसून तो खुर्चीच्या कडेवर येऊन बसे.

चेअरमन सुंदरराव त्या वर्षी रोज येऊ लागले. मोठे जमीनदार, तीनदा निवडून आलेले, आवाज सभेतला. ब्रिज ते उशिरा शिकले होते, बड्या मंडळींत बसता यावं म्हणून. खेळत धडाक्यानं आणि वाईट. त्यांना म्हाळू भिडू म्हणून फार आवडे.

"आपल्याला असाच भिडू पाहिजे," ते म्हणत. "घरचं कधी देत न्हाई बे हा."

चीफ केमिस्ट धर्मराज हे ऐकून गालात हसे. तो एकटाच खरा खेळाडू होता. म्हाळूच्या डोक्यात काय चालतं याची त्याला कल्पना होती, आणि म्हणूनच त्याला म्हाळूचा रागही येई. एकदा त्यानं म्हाळूला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. "चेअरमन रोज तुझ्यासमोर बसतात. पर्मनंटचं एकदा बोल. कारखान्याचे दिवस फिरलेत, रोजंदारीवाले आधी जातील."

"बोलतो साहेब. येळ बघून."

चैत्रात पालीजवळ, बिंदुसरेच्या धरणावरच्या बंगल्यात, सहकारी संस्थांच्या अधिकाऱ्यांची ब्रिजची स्पर्धा भरली. दुष्काळ असला तरी स्पर्धा दरवर्षीची, ती कशी मोडणार? एका जोडीला धर्मराज आणि डॉक्टर. दुसऱ्या जोडीला सुंदरराव, आणि त्यांचा स्पर्धेतला नेहमीचा भिडू, शेतकी अधिकारी, काविळीनं आडवा झालेला. सुंदररावांनी सांगितलं, म्हाळूला घ्या. पण स्पर्धा अधिकाऱ्यांची. तेव्हा यादीत त्याचं नाव लिहिलं गेलं: 'विश्रामगृह पर्यवेक्षक'. धर्मराजनं आपला एक पांढरा शर्ट त्याला दिला.

जीप पालीच्या रस्त्याला लागली. पुढं ड्रायव्हरशेजारी सुंदरराव, मागं धर्मराज, डॉक्टर आणि म्हाळू. सुंदरराव फार खुशीत होते. मान मागं वळवून ते म्हणाले, "म्हाळू, यादीत तुझं नाव बघून हसू आलं मला. पर्यवेक्षक! आं? अरे, तू पर्मनंट तरी हाईस का न्हाई बे?"

धर्मराजनं म्हाळूच्या बरगडीत कोपर खुपसलं. चौदा वर्षांत कुणी न विचारलेला प्रश्न स्वतः चेअरमननं विचारला होता, आणि उत्तर एका शब्दाचं होतं.

म्हाळूच्या मनात भराभर आलं. न्हाई म्हणावं तर त्यांना वाटंल, मागायला लागला. डॉक्टरांच्या म्होरं मागितलं म्हणून चिडले तर? स्पर्धेला निघालोय, त्यांचं मन बिघडलं तर? डाव झाल्यावर बोलू. जिंकल्यावर तर बोलणं आणखी सोपं.

"तुमची कृपा हाय साहेब," तो म्हणाला.

"मग बरं हाय," सुंदरराव म्हणाले आणि पुढं बघायला लागले.

धर्मराजनं तोंड खिडकीकडं वळवलं ते पाली येईपर्यंत.

धरणाच्या तळाशी डबकं उरलं होतं. भेगाळलेल्या गाळात गुरं उभी होती. बंगल्यात मात्र पंखे होते, माठात वाळा टाकलेला होता. संध्याकाळपर्यंत सुंदरराव-म्हाळूची जोडी सगळ्यांना आश्चर्य वाटावं अशी वर आली. म्हाळूनं कुणाला काही दिलं नाही. लोक त्याच्यापुढं आपापल्या उतावळेपणानं पडत गेले. शेवटच्या डावाला दुसऱ्या एका कारखान्याची जोडी समोर होती आणि हा डाव अडवला की चांदीची ढाल सुंदररावांची.

विरुद्ध जोडीतल्या एकानं चार इस्पिकाची बोली केली. म्हणजे इस्पिक हुकूम, आणि त्याला दहा हात करायचे. अडवायचं तर यांना चार हात हवेत. सुंदररावांनी पहिलाच हात किलवरच्या एक्क्यानं घेतला. दुसरा किलवर बोलीवाल्यानं राजा टाकून घेतला. मग त्यानं हुकूम खेळला आणि म्हाळूनं आपला इस्पिकचा एक्का टाकून हात घेतला. दोन झाले. अजून दोन हवेत, आणि उतारी म्हाळूची.

उघड्या पानांत चौकटची ओळ होती: एक्का, राजा, राणी, गुलाम आणि वर एक दश्शी. म्हाळूनं ती पाहिली आणि त्याला सगळा डाव पाण्याचा तळ दिसावा तसा दिसला. हा माणूस आता उरलेले हुकूम काढून घेणार, मग त्या चौकटीवर आपली बदामं एकेक करून फेकून देणार. बदामाचा राजा म्हाळूकडं होता. एक्का जर सुंदररावांकडं असेल, तर आत्ता या क्षणी राजाखालचं बारकं बदाम खेळलं की एक्का आणि राजा, दोन हात, डाव संपला. आणि एक्का बोलीवाल्याकडं असेल तर? तर डाव तसाही गेलेलाच होता. गमवायला काहीच नव्हतं. अर्जुनरावांनी चौदा वर्षांपूर्वी बोट वर करून सांगितलेली ती हीच वेळ, हे त्याला शब्दन् शब्द आठवलं.

त्याचं बोट बदामाच्या पंजीवर गेलं. आणि मग त्यानं समोर पाहिलं. सुंदररावांच्या कपाळावर घाम होता, मागं पंधरावीस लोक उभे होते. एक्का-राणी बोलीवाल्याकडं निघाली तर हे सगळे काय म्हणतील? राजाखालून खेळला. चहावाला हाय तो. डाव तसाही गेलेला होता, हे त्यांना कोण समजावून सांगणार? हुकूम परत खेळला तर मात्र कुणी बोट दाखवणार नव्हतं.

म्हाळूनं हुकूम खेळला.

बोलीवाल्यानं उरलेले हुकूम काढले, चौकट लावली, तिच्यावर तिन्ही बदामं फेकली आणि अकरा हात करून मोकळा झाला. सुंदररावांच्या हातात शेवटपर्यंत जपून ठेवलेला बदामाचा एक्का राहिला होता. तो त्यांनी शेवटच्या पानांत, काही उपयोग नसताना, टेबलावर टाकला.

"नशीब," सुंदरराव म्हणाले. त्यांनी उठून म्हाळूच्या पाठीवर हात ठेवला. "म्हाळूची काही चूक न्हाई. त्यानं घरचं काई दिलं न्हाई."

जीपपाशी धर्मराज दबक्या आवाजात म्हणाला, "बदाम का नाही खेळलास?"

"एक्का बोलीवाल्याकडं असता तर?"

"असता तर काय गेलं असतं? चौकट बघितली नाहीस?"

"बघितली साहेब."

धर्मराजला राग येऊन गेला होता आणि आता काहीतरी वेगळंच आलं होतं. "शर्ट राहू दे तुलाच," तो म्हणाला आणि पुढं जाऊन बसला. परतीच्या वाटेवर सुंदरराव डोळे मिटून होते. म्हाळूला बोलायचं होतं, पण हरलेल्या माणसाशी काय बोलावं?

मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. आषाढात सगळ्या रोजंदारी कामगारांना थांबवल्याचा कागद गेटवर चिकटला. विश्रामगृहाला कुलूप लागणार होतं. चावी धर्मराजकडं द्यायची होती. चावी घेताना धर्मराज म्हणाला, "असाच चेअरमनच्या बंगल्यावर जा. आत्ता. तुझी गोष्ट वेगळी आहे, तुला ते ओळखतात."

"आजच कागद लागलाय साहेब. समदे तिथंच गेले असतील, त्यांचं डोकं उठलं असंल. दोन दिस जाऊ द्या."

दोन दिवसांनी सुंदरराव मुंबईला गेले होते.

म्हाळू ट्रंक घेऊन गावी आला. छबुबाईनं दोन मैलांवरून आणलेल्या घागरीतलं तांब्याभर पाणी त्याच्यापुढं ठेवलं. दोन दिवसांनी भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "त्या जीपमदी काय झालतं?" पाटोद्याच्या बाजारात कारखान्याच्या ड्रायव्हरनं कुणाला तरी सांगितलं होतं, आणि ते फिरत फिरत तिच्यापर्यंत आलं होतं.

त्यानं सांगितलं.

"त्यांनी सोताहून इचारलं?"

"हां."

"आन् तुमी कृपा हाय म्हणलात." तव्यावरची भाकरी करपत होती, तिकडं तिचं लक्ष नव्हतं. "कावून?"

म्हाळूनं पुढं होऊन तव्यावरची भाकरी उलटली.

श्रावणात एका दुपारी गावात जीप आली. विहिरीवरच्या बायांना वाटलं टँकरची पाहणी करायला साहेब आला. त्या घागरी टाकून पळत आल्या. ड्रायव्हर म्हणाला, "म्हाळू कुठं हाय? चेअरमनसाहेबांनी बोलावलंय. बंगल्यावर पाव्हणे हायत, चौथा कमी पडतोय."

म्हाळूनं पांढरा शर्ट घातला. छबुबाई दारात उभी होती. "तुमाला न्यायला पेट्रोल हाय त्यांच्याकडं," ती म्हणाली. बायांनी रिकाम्या घागरी उचलल्या.

तो गेला. खेळला. सुंदररावांचा भिडू म्हणून गार खेळला, जिंकला. साहेब आपणहून काढतील विषय, असं त्याला वाटत राहिलं. त्यांनी काढला नाही. आठवड्यानं पुन्हा जीप आली, पुन्हा तसंच. गावातली माणसं त्याच्याशी आता अदबीनं बोलत, आणि पाठीमागं हसत. टँकरचं सांगा की चेअरमनला, असं म्हणत. तो मान हलवी.

भाद्रपदात तिसऱ्यांदा जीप आली तेव्हा गावात मुकादम येऊन गेला होता. तोडीला जाणाऱ्यांची नावं लिहिणं चालू होतं. छबुबाईनं सकाळी उतरंडीमागून तिच्या आईचा कोयता काढून दगडावर घासायला घेतला होता. म्हाळू तिच्यासमोरून जीपमध्ये बसला. कोयत्याचा तो आवाज त्याच्या कानात वाटभर राहिला.

बंगल्याच्या व्हरांड्यात मुंबईचे एक बडे पाहुणे होते, कुठल्याशा सहकारी बँकेचे अध्यक्ष. म्हाळू पायरीवरच थांबला. आणि तिथूनच बोलला. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

"साहेब, माझं जरा काम व्हतं. नोकरीचं."

"बोलू की," सुंदरराव पानं पिसत म्हणाले. "डाव झाल्यावर बोलू. बस."

पाहुणे सुंदररावांचे भिडू झाले. म्हाळूला धर्मराज मिळाला. तिसऱ्या-चौथ्या डावाला सुंदररावांनी धडाक्यात चार बदामांची बोली केली. पाहुण्यांकडं बघून डोळा मारला. उतारी म्हाळूची होती.

त्याच्याकडं चौकटचा राजा होता आणि खाली तीन बारकी पानं. किलवरची एक गार सत्ती पण होती. चौदा वर्षं तो तीच खेळत आला होता. तिच्यावर बोट ठेवलं आणि त्याला एकाएकी शिसारी आली. त्या सत्तीची आली, कडेवर टेकलेल्या स्वतःच्या मांड्यांची आली. आज माझं काम बोललोय मी, त्याच्या मनात आलं, आता हेबी होऊन जाऊ दे. त्यानं चौकटची दुरी टेबलावर ठेवली.

धर्मराजनं भुवया उंचावल्या. एक्का त्याच्याकडं होता. त्यानं हात घेतला, चौकट परत फिरवली. म्हाळूचा राजा लागला. तिसरी चौकट म्हाळूनं खेळली आणि धर्मराजकडं चौकट संपलेली, त्यानं हुकमानं मारली. तीन हात. नंतर धर्मराजचा इस्पिकचा एक्का. सुंदररावांनी हुकूम ओढायच्या आधीच त्यांचा डाव पडला होता.

पाहुणे खदाखदा हसले. "सुंदरराव, राजाखालून खेळला की हो हा! तुमच्याच माणसानं पाडलं तुम्हाला!"

धर्मराजच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. म्हाळूच्या छातीत काहीतरी मोकळं झालं होतं. पाचदहा श्वासच, पण झालं होतं.

सुंदररावही हसत होते. हसता हसता ते थांबले. "म्हाळू," ते म्हणाले, "तुला हे येतंय?"

म्हाळू टेबलावरची पानं गोळा करू लागला.

"मग पालीला कावून न्हाई खेळलास बे? हा धर्मराज मला त्याच दिवशी म्हणला, बदाम खेळला असता तर ढाल आपली व्हती. मी म्हणलं, जाऊ द्या, गरीब हाय, तेवढी अक्कल न्हाई त्याला." आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "आन् तुला तर समदं कळत व्हतं. म्हंजे माझ्यासंगं खेळताना झोपायचं, आन् माझ्या इरोधात बसला की हात सुटतो. कुणाचं खाऊन बसलाव्हतास त्या दिवशी?"

"साहेब, तसं न्हाई," म्हाळू म्हणाला. "भ्यालतो."

"कशाला?"

आता सांगायचं तर चौदा वर्षं सांगावी लागली असती. पाहुणे घड्याळ बघत होते. धर्मराज म्हणाला, "साहेब, तो खरंच..." पण सुंदररावांनी हात वर केला. "वाटा पानं."

डाव झाल्यावर बोलणं झालं नाही. सुंदरराव पाहुण्यांना घेऊन आत जेवायला गेले. जीप पाहुण्यांना सोडायला लागणार होती, म्हणून म्हाळू फाट्यापर्यंत चालत आला आणि पाटोद्याची एसटी धरली. त्यानंतर जीप गावात आली नाही.

दसऱ्यानंतर छबुबाई आणि म्हाळू गाडीत बसले. नवरा-बायको मिळून एक कोयता, असं मुकादम लिहितो. त्यांच्या कोयत्यात तोडणारी छबुबाई होती. म्हाळूच्या हाताला पहिल्याच आठवड्यात फोड आले, मग तो मोळ्या बांधू लागला. हंगामभर ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. "दोर द्या." "तिकडून धरा." एवढंच.

अठ्ठ्याऐंशीला पाऊस भरपूर झाला. बिंदुसरा भरून वाहिली, माळावर ऊस उभा राहिला, आणि कारखाना पुन्हा चालू होणार म्हणून थांबवलेल्या कामगारांना परत घेणार असं गावात कळलं. छबुबाईच म्हणाली, "जावा. बघा तरी."

म्हाळू गेटवर गेला. यादी चिकटवलेली होती. त्यानं बोट लावून वरून खालपर्यंत वाचली, मग खालून वर वाचली. मग तो कामगार विभागाच्या खिडकीशी गेला आणि यादीत आपलं नाव का नाही, असं सरळ विचारलं. कारकून नवा होता. त्यानं दोन रजिस्टरं चाळली.

"यादी मस्टरवरनं केलीये," तो म्हणाला. "मस्टरवर तुमचं नावच नाही. तुमची रोजी विश्रामगृहाच्या किरकोळ खर्चात निघायची. तुम्ही कधी अर्ज केला होता का, मला मस्टरवर घ्या म्हणून?"

"न्हाई."

"एकदा तरी? त्याची नक्कल असेल तर चालेल."

"न्हाई."

"मग मी काय करू?" कारकून खरोखरच विचारत होता. "चौदा वर्षं होता म्हणता. कागदावर तर कुठंच दिसत नाही."

धर्मराज असता तर साक्ष दिली असती. तो चैत्रातच राजीनामा देऊन सांगलीकडच्या कारखान्यात गेला होता. मागच्या माणसानं घाई केली तसा म्हाळू खिडकीपासून बाजूला झाला.

घरी पोचला तेव्हा छबुबाई अंगणात तूर निवडत होती. तिनं त्याच्याकडं वर पाहिलं, पुन्हा सुपाकडं पाहिलं. म्हणाली, "मुकादम सकाळी आलता. मी नाव सांगून ठेवलंय."